'आश्वासक पीक' किती वर्षं आश्वासक राहू शकतं? ट्रिटिकेलचं संशोधन वाचताना

ट्रिटिकेलवरचे चार-पाच पेपर उघडा आणि प्रत्येकाच्या प्रस्तावनेतली पहिली दोन-तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक ठिकाणी एकच मजकूर शब्द बदलून भेटेल. गव्हाचं उत्पादन आणि दाण्याची प्रत, रायचा काटकपणा, हे दोन्ही एका रोपात. म्हणून माणसाच्या अन्नासाठी आणि जनावरांच्या खाद्यासाठी हे 'आश्वासक' पीक. अशा वाक्याखाली आपण सहसा थांबत नाही, सरळ 'साहित्य आणि पद्धती'कडे जातो. आज मला त्या वाक्यापाशीच थांबायचं आहे. तुमच्यातले बरेचजण पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत आहात, आणि सिनॉप्सिस नेमका अशाच वाक्यांवर उभा राहतो: 'अमुक पीक आश्वासक आहे, पण दुर्लक्षित आहे, म्हणून मी त्यावर काम करणार.' पुढची चार-पाच वर्षं त्या एका 'म्हणून'वर जातात.

आधी पिकाची ओळख, थोडक्यात. ट्रिटिकेल म्हणजे गहू (ट्रिटिकम) आणि राय (सिकेली) यांचा संकर. नावही दोघांचं जोडूनच केलेलं. इथली राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. ही थंड प्रदेशातली, गव्हाच्या कुळातली, काळपट ब्रेडची राय. सिनॉप्सिस मराठीत लिहिणार असाल तर हा खुलासा पहिल्याच पानावर करा, नाहीतर तोंडी परीक्षेत कुणीतरी मोहरीबद्दल विचारेल.

गव्हावर रायचा पराग टाकून पहिली रोपं मिळवली ती स्कॉटलंडच्या अलेक्झांडर स्टीफन विल्सननं. १८७५ साली त्यानं एडिनबरोच्या बोटॅनिकल सोसायटीसमोर ती मांडली. रोपं वांझ होती. १८८८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म रिम्पाऊला थोडे दाणे भरलेला संकर मिळाला. पुढे १९३७ च्या सुमारास कोल्चिसिन वापरून गुणसूत्रं दुप्पट करण्याची युक्ती सापडली आणि वांझपणाचं कोडं हुकमी सुटायला लागलं. चपातीच्या साध्या गव्हाशी संकर केला तर ५६ गुणसूत्रांचं ट्रिटिकेल मिळतं. ड्युरम, म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, याच्याशी केला तर ४२ गुणसूत्रांचं. (खपलीही बन्सीच्याच गटातली, २८ गुणसूत्रांची.) आज शेतात दिसतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या प्रकारचं. हा तपशील लक्षात ठेवा, ब्रेडपाशी तो परत लागेल.

आता टीकेकडे. या विषयावरची तीन प्रकाशनं मी एकामागोमाग वाचायला सांगेन. पहिलं, जोसेफ हल्स आणि डेव्हिड स्पर्जन यांचा १९७४ चा 'सायंटिफिक अमेरिकन'मधला लेख, ज्यानं हे पीक सामान्य वाचकापर्यंत नेलं. दुसरं, स्वीडनच्या आर्ने म्युन्त्सिंग यांचं १९७९ चं पुस्तक. तिसरं, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा १९८९ चा अहवाल. फक्त नावं बघा. अहवालाच्या नावातच 'प्रॉमिसिंग अॅडिशन' आहे, म्हणजे जगाच्या धान्यांत आश्वासक भर. म्युन्त्सिंगच्या पुस्तकाचं नाव 'ट्रिटिकेल: रिझल्ट्स अँड प्रॉब्लेम्स'. निष्कर्ष आणि अडचणी, संपलं. हा माणूस १९३० च्या दशकापासून या पिकामागे होता आणि त्यानं आयुष्यभराच्या कामाला दिलेलं नाव हे. माझा कल कुणाकडे आहे हे सांगायला नको.

'आश्वासक' या शब्दाला सगळ्यात जास्त इंधन कुणी दिलं असेल तर प्रथिनांच्या टक्केवारीनं. सुरुवातीच्या काही ट्रिटिकेल ओळींत प्रथिनं १७ टक्के आणि त्याहूनही जास्त भरत होती. गहू साधारण १२-१३ चा. साठ-सत्तरच्या दशकात जगाच्या भुकेची चर्चा 'प्रथिनांची तूट' या शब्दात चालायची, तेव्हा हा आकडा म्हणजे लॉटरीच. पण त्या दाण्यांचा फोटो बघा. दाणे सुरकुतलेले, चिमलेले, पोटात खड्डा पडलेले. भ्रूणपोषात स्टार्च नीट भरतच नव्हता.

आता एक साधं गणित करू. आकडे समजण्यापुरते, मी ठरवलेले. एक भरलेला दाणा ४५ मिलिग्रॅमचा, त्यात प्रथिन ५.४ मिलिग्रॅम: १२ टक्के. दुसरा चिमलेला, ३० मिलिग्रॅमचा, त्यात प्रथिन ४.८ मिलिग्रॅम: १६ टक्के. दुसऱ्या दाण्यात प्रथिन कमी आहे, तरी टक्केवारी जास्त आहे, कारण छेद आक्रसला. हेक्टरी दाण्यांची संख्या सारखी धरली तर दुसऱ्या पिकातून शेतकऱ्याला एक तृतीयांश धान्य कमी मिळतं आणि प्रथिनही सुमारे ११ टक्के कमी. अन्नधान्याची अडचण सोडवायला निघालेलं पीक कागदावर जिंकतं आणि खळ्यावर हरतं.

हे मी लावलेलं नवं कोडं नाही. पुढे पैदासकारांनी दाणा भरदार केला, हेक्टोलिटर वजन वाढवलं, आणि प्रथिनांची टक्केवारी गव्हाच्या पातळीवर उतरली. आजच्या वाणांत ती ११ ते १३ च्या आसपास असते. क्षेत्रातल्या लोकांना हे माहीत आहे, आढावा लेखांत लिहिलेलंही आहे. तरी प्रस्तावनेतलं वाक्य 'गव्हापेक्षा जास्त प्रथिनं' म्हणत राहतं, कारण प्रत्येकजण ते आधीच्या प्रस्तावनेतून उचलतो. साखळी धरून मागे गेलात तर शेवटी हाती येतात त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या, सुरकुतलेल्या दाण्यांच्या ओळी.

या आकड्यात आणखी एक फट आहे, आणि ती तुमच्या प्रयोगशाळेतही असेल. प्रथिन आपण थेट मोजत नाही. केल्डालनं नायट्रोजन मोजतो आणि गुणतो. गव्हाच्या पिठासाठी ५.७ नं गुणायची रीत आहे, पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत सरसकट ६.२५ नं. ट्रिटिकेल दोन्ही दरबारांत जातं. समजा नायट्रोजन २.२ टक्के आला. एका टेबलावर तो १२.५ टक्के प्रथिन होतो, दुसऱ्या टेबलावर १३.७५. शिवाय कोरड्या वजनावर की १४ टक्के ओलाव्यावर? १४ टक्के ओलाव्यावरचे १२ टक्के कोरड्या वजनावर जवळजवळ १४ होतात. ज्या तक्त्याखाली गुणक आणि ओलावा दोन्ही लिहिलेले नाहीत, त्या तक्त्यातून 'ट्रिटिकेलमध्ये गव्हापेक्षा दीड टक्का जास्त' असं काही उचलू नका. तो दीड टक्का कॅल्क्युलेटरचा असू शकतो.

लायसिनची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि इथे ट्रिटिकेलला श्रेय द्यायला हवं. प्रथिनातला लायसिनचा वाटा खरोखरच गव्हापेक्षा बरा आहे. पशुखाद्याच्या तक्त्यांत दाण्याच्या वजनाच्या साधारण ०.४ टक्के लायसिन दिसतं, गव्हात ०.३ च्या थोडं वर. पण 'लायसिनमध्ये सरस' हे विशेषण वाचल्यावर लगेच विचारा, कुणाच्या गरजेच्या मानानं? वाढत्या डुकराच्या खुराकात वयानुसार १ टक्क्याच्या आसपास लायसिन लागतं. म्हणजे गहू असो की ट्रिटिकेल, सोयापेंड घालावीच लागते. ट्रिटिकेल असेल तर थोडी कमी. 'थोडी कमी सोयापेंड' हा चांगला, खरा, पैशात मोजता येणारा फायदा आहे. 'पौष्टिक पीक' हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. आणखी एक गोम: दाण्यातलं प्रथिन वाढलं की त्या प्रथिनातला लायसिनचा वाटा घटतो. त्यामुळे एका ओळीची प्रथिन टक्केवारी आणि दुसऱ्या ओळीचं लायसिन शेजारी ठेवून 'दोन्हींत सरस' म्हणता येत नाही. दोन्ही आकडे एकाच नमुन्यातले हवेत.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ. तो एका पेपरचा नाही, सगळ्या परंपरेचा आहे.

'गव्हाची प्रत आणि रायचा काटकपणा' हे वाक्य तपासायचं कसं? ट्रिटिकेलची प्रत गव्हाशी ताडायची आणि काटकपणा रायशी. वाक्यातच तसं लिहिलंय. प्रत्यक्षात अनेकदा उलटं होतं. प्रतीची गोष्ट निघाली की 'रायपेक्षा चांगली', काटकपणाची निघाली की 'गव्हापेक्षा चांगला'. म्हणजे ज्या गुणात जो पालक कच्चा, त्याच्याशीच शर्यत. अशा शर्यतीत कुठलाही मध्यम संकर दोन्हीकडे जिंकतो! आम्लधर्मी जमिनीतली अॅल्युमिनियमची विषबाधा घ्या. सर्वसाधारणपणे क्रम असा: राय सगळ्यात सहनशील, मग ट्रिटिकेल, मग गहू. हा निकाल वाईट नाही, उपयोगी आहे. पण याला 'रायचा काटकपणा मिळाला' म्हणत नाहीत, 'मधोमध आला' म्हणतात. हलक्या, वालुकामय, आम्ल जमिनीवर शेतकऱ्यासमोर खरा पर्याय मुळात गहू नसतोच, राय असते. चाचणीत राय तुलनेला ठेवली नसेल तर त्या चाचणीनं शेतकऱ्याचा प्रश्न विचारलेलाच नाही.

प्रतीच्या बाजूला तर जनुकं सरळ आड येतात. ब्रेड फुगतो तो ग्लुटेनमुळे, आणि साध्या गव्हाच्या ग्लुटेनमधला फार महत्त्वाचा हिस्सा डी जीनोमवरून येतो. बन्सी आणि राय यांच्या संकरात डी जीनोम नाहीच. त्याच्या जागी रायची सात जोड्या गुणसूत्रं, आणि त्यांच्यासोबत रायची प्रथिनं, ज्यांच्यानं कणीक सैल आणि चिकट होते. वर ट्रिटिकेलमध्ये अल्फा-अमायलेझ जास्त आणि पावसात ओंबीतच दाण्याला मोड यायची खोड. स्टार्च आधीच फुटलेलं असेल तर पाव आतून ओला राहतो. कॅलिफोर्नियात अॅडम लुकाशेव्हस्की यांनी गव्हाच्या डी जीनोमवरचं ग्लुटेनचं जनुक रायच्या गुणसूत्रावर बसवून दाखवलं. हे काम मला या सगळ्या साहित्यात फार आवडतं, कारण तिथे 'आश्वासक' वगैरे काही नाही. नेमकं काय कमी आहे ते ओळखलं आणि तेवढंच आणलं.

'दोघांचे उत्तम गुण एकत्र' या कल्पनेला खुद्द सिमिटच्या इतिहासातूनही एक टाचणी लागते. १९६७-६८ च्या सुमारास मेक्सिकोत त्यांना 'आर्माडिलो' नावाची ओळ सापडली. दाणे भरण्याची क्षमता चांगली, उंची कमी, दिवसाच्या लांबीची फिकीर नाही. पुढचा कार्यक्रम बराचसा तिच्यावर उभा राहिला. नंतर गुणसूत्रं तपासल्यावर कळलं की तिच्यात रायचं दुसरं गुणसूत्र गायब होतं आणि त्या जागी गव्हाच्या डी जीनोममधलं दुसरं आलं होतं. बहुधा शेजारच्या एखाद्या बुटक्या मेक्सिकन गव्हाचा पराग उडून आला असावा. म्हणजे मोठी झेप घेतली ती थोडी राय सोडून देऊन! पण याचीही दुसरी बाजू आहे. अशा ओळी चांगल्या जमिनीत चालल्या, पण आम्ल आणि कोरड्या जमिनीत रायची सातही गुणसूत्रं असलेल्या ओळी पुढे गेल्या, आणि सिमिटचं लक्ष पुन्हा तिकडे वळलं. कुठला गुण हवा हे जमीन ठरवत होती. 'दोघांचं उत्तम' असं काही एकच नव्हतं.

मग हे पीक यशस्वी कुठे झालं? पोलंडमध्ये. ज्या परिसंवादांत ते भुकेल्या जगासाठी मांडलं गेलं, त्यापासून लांब, वालुकामय आम्ल जमिनींवर, डुकरांच्या खाद्यासाठी. आज तिथे १० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र आहे आणि पोलंड जगात पहिला. जर्मनी, फ्रान्स, बेलारूस हे बाकीचे मोठे उत्पादक. जगाचं एकूण उत्पादन दीड कोटी टनांच्या आसपास, तर गहू ७५ कोटी टनांच्या वर. भारतात पंजाब कृषी विद्यापीठाच्या 'टीएल' मालिकेतले वाण आहेत, पण बाजारात ट्रिटिकेलचं पीठ मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय? लालसर दाणा आणि सैल कणीक घेऊन चपातीच्या देशात शिरणं सोपं नव्हतं. गंमत म्हणजे राय आपल्या ताटात आली आहे, ती गव्हाच्या पोटातून. उत्तर भारतात वर्षानुवर्षं पेरलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या गव्हात रायच्या पहिल्या गुणसूत्राचा एक तुकडा आहे. ट्रिटिकेलशी त्याचा संबंध नाही, तो युरोपातल्या गहू-राय संकरांतून वेगळ्या वाटेनं आला.

पोलंडच्या यशाकडे काही लेखक जरा ओशाळून बघतात, जणू 'अन्न' व्हायचं होतं आणि 'नुसतं खाद्य' झालं. मला हे पटत नाही. हलक्या जमिनीवर रायपेक्षा जनावराला रुचणारं, जास्त पिकणारं धान्य मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र खाद्याच्या प्रयोगांतही तुलना नीट बघावी लागते. मक्याच्या जागी ट्रिटिकेल घातलं आणि पिल्लांचं वजन सारखंच वाढलं, असा निकाल वाचलात तर आधी खुराकाचा तक्ता काढा. सोयापेंड किती बदलली? सुटं लायसिन घातलंय? झायलनेझ एन्झाइम घातलंय? रायकडून आलेले अरॅबिनोझायलन कोंबडीच्या आतड्यात चिकटपणा वाढवतात, त्यावर तो उतारा असतो. हे सगळं जुळवून घेतल्यावर वजन सारखं आलं तर प्रयोगानं सिद्ध केलं ते खुराक बनवणाऱ्याचं कौशल्य. ट्रिटिकेलचा गुण त्यात किती, हे किलोमागच्या खर्चावरून कळेल, आणि नेमका तो रकाना बरेचदा नसतो.

शेवटचा दावा रोगप्रतिकाराचा. 'ट्रिटिकेल भुरी आणि तांबेऱ्याला प्रतिकारक आहे' हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा मोजमाप म्हणून बरोबरच होतं. पण ते मोजमाप पीक थोडं असतानाचं होतं. युरोपात क्षेत्र वाढलं आणि २००० नंतर लगेचच ट्रिटिकेलवर भुरी दिसायला लागली. २०१६ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये झुरिकच्या गटाचा पेपर आला: ही भुरी म्हणजे गव्हावरच्या भुरीचा आणि रायवरच्या भुरीचा संकर आहे. माणसानं दोन धान्यांचा संकर केला, बुरशीनं मागोमाग आपलाही केला. हा पेपर काढून वाचाच. प्रतिकारशक्ती हा गुण जणू बियाण्यातच कायमचा बसवलेला आहे, असं धरून लिहिलेली कितीतरी वाक्यं त्यानंतर तारखेशिवाय वाचता येत नाहीत. कुठलाही 'प्रतिकारक' शब्द दिसला की कुठल्या साली, किती क्षेत्रावर, रोगकारकाच्या कुठल्या प्रकाराविरुद्ध, हे शोधा.

यावर मला हमखास येणारा प्रश्न: मग ट्रिटिकेलवर विषय घ्यावा की नाही? जरूर घ्या. पण 'ट्रिटिकेलची अन्न व खाद्य म्हणून क्षमता' हा विषय घेऊ नका, गाईडनं सुचवला तरी. क्षमता मोजून संपत नाही आणि प्रबंधाला शेवट सापडत नाही. ओंबीतच मोड येण्यामागचं कारण, भुरीविरुद्ध रायच्या बाजूनं मिळणारी जनुकं, हिरव्या चाऱ्यासाठी ओटशी एकाच शेतात थेट तुलना, असं काहीतरी घ्या, ज्यात उत्तर 'नाही' असं येऊ शकतं. आणि प्रस्तावनेत ते जुनं वाक्य लिहायचा मोह झालाच तर त्याच्यापुढे संदर्भ म्हणून जो पेपर टाकणार आहात तो उघडून बघा, त्यातले दाणे भरलेले होते की चिमलेले.

केल्डालचा गुणक धान्यागणिक वेगळा का, हे दोघातिघांनी मागेच विचारलं होतं. पुढची पोस्ट त्यावर.